भिंतीआडचा सामुराई

डिसेंबरचा पहिला आठवडा होता आणि कानाझावाच्या नागामाची भागात भिंतींना चटया बांधायचे काम चालू होते. चटया तांदळाच्या पेंढ्याच्या, हातभर रुंद नव्हेत, चांगल्या माणसाच्या उंचीच्या. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली तीन-चार माणसे भिंतीच्या छपराखालून एकेक चटई सोडत, दोरीने आवळत पुढे सरकत होती. पिवळसर मातीची भिंत हळूहळू दिसेनाशी होत होती. मी आले होते ती नेमकी ती भिंत पाहायला.

माझी भाची तोक्योत नोकरी करते. जपानी तिला चांगली येते. तिने त्यांतल्या वयस्कर माणसाला विचारले, हे कशासाठी? तो काम न थांबवता दोन वाक्ये बोलला. "मावशी, ते म्हणतात, थंडीने भिंतीचे काही बिघडत नाही. पाण्याने बिघडते."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. जपानच्या समुद्रावरून येणारा इथला बर्फ भुरभुरीत नसतो. ओला आणि जड असतो. तो भिंतीला चिकटतो, वितळतो, ओल मातीत शिरते, रात्री गोठते. गोठताना पाणी फुगते आणि मातीचे पापुद्रे सुटतात. म्हणून डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ही भिंत पेंढ्याच्या आड राहते. या चटयांना 'कोमो' म्हणतात. सुमारे किलोमीटरभर भिंत दरवर्षी अशी झाकायची आणि दरवर्षी उघडी करायची. मातीची भिंत जतन करणे म्हणजे काय, हे मला तिथे पहिल्यांदा समजले. दगडी किल्ला एकदा डागडुजी करून दहा वर्षे विसरता येतो. मातीला विसरता येत नाही.

कानाझावा हे जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचे शहर, इशिकावा प्रांताची राजधानी. 2015 साली शिन्कान्सेन तिथवर पोहोचली आणि तोक्योहून अडीच-तीन तासांचा प्रवास झाला; तेव्हापासून पर्यटकांची रीघ वाढली. कोरिन्बो नावाच्या गजबजलेल्या चौकातून, मोठमोठ्या दुकानांच्या मागच्या बाजूला वळले की पाच मिनिटांत नागामाची लागते. इंग्रजी पत्रकात त्याला 'सामुराई वस्ती' म्हटले आहे. जपानी पाटीवरचे नाव मात्र थोडे लांब आहे : 'नागामाची बुके याशिकी आतो'. बुके म्हणजे सामुराई घराणी, याशिकी म्हणजे वाडा. आणि आतो? भाची म्हणाली, "आतो म्हणजे... मागे राहिलेली खूण. जिथे काहीतरी होते ती जागा." इंग्रजीत येताना हा एक शब्द गळाला आहे. माझ्या मते या वस्तीची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

माझे आयुष्य पुण्याच्या दफ्तरखान्यात जुन्या जमाखर्चाच्या वह्या वाचण्यात गेले. त्यामुळे कुठलाही वाडा पाहिला की दिंडीदरवाजा, कोरीव खांब वगैरेंच्या आधी माझ्या मनात येते, की याचा खर्च कोण चालवत होते? ही सवय चांगली की वाईट ते ठाऊक नाही; प्रवासात तरी ती सोबतच्या माणसाला कंटाळा आणते. नागामाचीत मात्र तिचा उपयोग झाला.

आधी थोडा हिशोब. माएदा तोशिइए 1583 साली कानाझावाच्या किल्ल्यात आला. त्याच्या वंशजांनी पुढे जवळजवळ तीनशे वर्षे इथे राज्य केले. त्या संस्थानाचे नाव कागा. जपानमध्ये तेव्हा सरदाराचे वजन तांदळात मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, साधारण दीडशे किलो तांदूळ : एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. दहा हजार कोकूंचा मुलूख असला की तो 'दाइम्यो', म्हणजे संस्थानिक. कागाचा मुलूख दहा लाख कोकूंच्या वर होता. तोकुगावा शोगुनांचा मुलूख सोडला तर जपानात एवढे मोठे संस्थान दुसरे नव्हते. माएदांच्या पदरी आठ मानकरी घराणी होती. त्यांतल्या होंदा घराण्याला पन्नास हजार कोकू, चो घराण्याला तेहेतीस हजार. म्हणजे नोकर असूनही ते कित्येक स्वतंत्र संस्थानिकांपेक्षा बडे. 'चो' हे आडनाव ज्या चिन्हाने लिहितात तेच 'नागा' असेही वाचता येते, त्याचा अर्थ लांब. नागामाची हे नाव या घराण्यावरून पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात.

आता खरी मेख. एवढ्या मोठ्या वाड्यांत राहणाऱ्या सामुराईची त्या वाड्याखालच्या जमिनीवर मालकी नव्हती. जागा संस्थानिकाने दिलेली असे, हुद्द्याच्या मानाने. हुद्दा वाढला की मोठी जागा, घसरला की लहान. शेतजमिनीचेही तसेच. सुरुवातीला सामुराईला गावे तोडून दिलेली असत आणि तो स्वतः वसूल घेई, आपल्या सरंजामासारखे. 1651 पासून तिसरा माएदा तोशित्सुने याने 'काइसाकुहो' नावाची पद्धत आणली आणि सामुराईचा गावाशी थेट संबंध तोडला. कागदावर जहागीर राहिली. प्रत्यक्षात ठरलेला तांदूळ मिळू लागला. शेतकऱ्याचा छळ कमी व्हावा हा एक हेतू. दुसरा हेतू कुठल्याही इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखता येईल : ज्याचे पाय जमिनीत नाहीत तो बंड करत नाही. कमरेला दोन तलवारी, मागे नोकर, पुढे भालदार, आणि खाली ना शेत आपले ना अंगण. पगारी माणूस.

गल्ल्या मात्र अजून त्याच आहेत. अरुंद, आणि मधेच काटकोनात वळणाऱ्या. सरळ धावत येणाऱ्या शत्रूला पुढचे दिसू नये म्हणून. दोन्हीकडे भिंती. खाली दगडांचा पाया, वर माती, माथ्यावर लाकडी फळ्यांचे नाहीतर कौलांचे बुटके छप्पर. भिंतीच्या कडेने वाहते पाणी. या शहरात असे पंचावन्न पाट आहेत आणि त्यांची एकूण लांबी दीडशे किलोमीटर भरते. नागामाचीतून वाहतो तो ओनोशो पाट, शहरातला सर्वांत जुना समजला जाणारा. साई नदीचे पाणी त्यात येते. एकेकाळी बंदराकडून किल्ल्याकडे माल आणायला तो कामी येई. आग विझवणे, बर्फ वाहून नेणे, बागेला पाणी देणे, सगळे याच पाण्यावर. वाड्यातल्या बागेत ते आत वळवून घ्यायचे, फिरवायचे आणि खालच्या बाजूने पुन्हा पाटात सोडायचे. शेजाऱ्याला पुढे जाऊ द्यायचे पाणी आहे, हे भान त्या रचनेतच आहे.

लोक इथे येतात ते बहुतेक नोमुरांचा वाडा पाहायला. आम्हीही गेलो. नोमुरा देन्बेई हा तोशिइएच्या पदरी होता. घराण्याला हजार-बाराशे कोकूंची नेमणूक आणि हजार त्सुबोंहून मोठी, म्हणजे सव्वातीन हजार चौरस मीटरांच्या वरची जागा. आत शिरताच चिलखत मांडलेले आहे. एका पेटीत सोळाव्या शतकातले एक पत्र आहे. शत्रूच्या एका बड्या माणसाचे मुंडके आणून दिल्याबद्दल त्यात आभार मानले आहेत, तेही अगदी सभ्य, शेजाऱ्याने फणस पाठवल्यावर मानावेत तसे. मागे चिमुकली बाग : दगडी दिवे, ओढा, पूल, चारशे वर्षांचे म्हणतात असे एक झाड. दालनात सुरूच्या जातीच्या हिनोकी लाकडाचे छत आणि अबनूस, शिसवीसारख्या उष्ण देशांतल्या लाकडांचे काम. एवढ्या उत्तरेकडच्या, बर्फाच्या गावात ती लाकडे कुठल्या जहाजाने आली असतील, हा विचार करत मी उंबऱ्याशी बसले.

जहाज हाच शब्द बरोबर निघाला. नोमुरांचा मूळ वाडा आज अस्तित्वात नाही. 1871 साली संस्थाने खालसा झाली. पुढे तो वाडा पाडला गेला, जागेवर भाजीपाला लावला गेला, मग तुकडे पाडून विकले गेले. आज आपण ज्या दालनांत उभे राहतो ती हाशिदाते नावाच्या समुद्रकाठच्या गावातून विसाव्या शतकात इथे आणून उभी केली आहेत. ती होती कुबो हिकोबेई नावाच्या धनिक व्यापाऱ्याची. हाशिदाते हे होक्काइदोपासून ओसाकापर्यंत माल वाहणाऱ्या जहाजमालकांचे गाव. आपल्या भागातल्या संस्थानिकाला घरी बोलवायचे म्हणून कुबोने ही दालने सजवली होती.

म्हणजे नागामाचीतल्या सर्वांत प्रसिद्ध सामुराई घरात आपण पाहतो ती एका व्यापाऱ्याची बैठक. आणि सामाजिक उतरंडीत सामुराई सर्वांत वर, व्यापारी सर्वांत खाली! भाचीला हसू आले. मला वाटले, फसवणूक काही नाही. माहितीपत्रकात सगळे लिहिलेले आहे, फक्त कोणी वाचत नाही. शिवाय या गोष्टीत अन्यायापेक्षा न्याय जास्त आहे. अबनूस परवडणारा माणूस खरोखर तोच होता.

मग सामुराईला काय परवडत होते? याचे उत्तर वाड्यात नाही, वहीत आहे. कागा संस्थानात हिशोबनीसांचे एक खाते होते आणि इनोयामा नावाचे घराणे पिढ्यानपिढ्या त्यात काम करी. तलवारीपेक्षा सोरोबानच्या गोट्यांवर पोट भरणारे सामुराई. त्यांनी घरच्या खर्चाची नोंद ठेवली होती : 1842 पासून 1879 पर्यंत, जवळजवळ सदतीस वर्षे. ही कागदपत्रे तोक्योतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात इतिहासकार इसोदा मिचिफुमी यांच्या हाती लागली. त्यावर त्यांनी 2003 साली 'सामुराईचा घरखर्च' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. 2010 साली त्यावर चित्रपटही आला.

त्या वहीतून दिसणारे घर असे : कर्ज वर्षाच्या मिळकतीच्या दुप्पट. म्हणून 1842 साली कुटुंबाने घरातल्या चांगल्या वस्तू विकून टाकल्या आणि तेव्हापासून पैन् पै लिहायला सुरुवात केली. मुलाच्या समारंभाला मानाचा ताई मासा हवा. तो परवडेना, म्हणून माशाचे चित्र काढून ताटात ठेवले. खर्च जातो कुठे? नातलगांच्या घरचे मंगल-अमंगल, आहेर, देवळाच्या वर्गण्या, आणि नोकर. घरधन्याच्या हातखर्चापेक्षा त्याच्या चपला उचलणाऱ्या गड्यावर होणारा खर्च जास्त. पण गडी काढता येत नाही, कारण गड्यावाचून घराबाहेर पडणारा सामुराई सामुराई राहत नाही. इसोदा यांनी याला नाव दिले आहे 'मिबुन हियो' : हुद्दा सांभाळण्याचा खर्च. हे वाचताना पुण्यातल्या किती वह्या मला आठवल्या! सावकाराचे व्याज एका पानावर आणि दुसऱ्या पानावर पालखीच्या गोंड्यांचा खर्च.

या नजरेने पाहिले तर नागामाचीतल्या दोन साध्या जागा नोमुरांच्या वाड्यापेक्षा जास्त बोलतात. एक ताकादा घराण्याची. साडेपाचशे कोकूंचे हे मधल्या दर्जाचे घराणे. घर गेले, पुन्हा उभा केला आहे तो फक्त दरवाजा आणि त्याला लागून असलेली ओवरी. तिच्या एका अंगाला घोड्याचा तबेला, दुसऱ्या अंगाला गड्याची खोली. खोली एवढीशी. पण रस्त्यावरून दिसणारी ही बाजू आधी उभी करायची, घोडा आणि गडी आहेत हे जगाला दिसले पाहिजे, हा दंडक तिथे लाकडात दिसतो. वहीतला 'मिबुन हियो' तो हाच.

दुसरी जागा अशिगारूंच्या घरांची. अशिगारू या शब्दाचा अर्थ 'हलक्या पायाचा', आपला पाईक. सामुराईच्या शिडीची सर्वांत खालची पायरी. इतर अनेक संस्थानांत या लोकांना चाळीसारख्या लांब ओळीत एकेक खण मिळे. कागाने त्यांना स्वतंत्र घर आणि थोडे अंगण दिले होते. इथे अशी दोन घरे दुसऱ्या भागातून आणून उभी केली आहेत. छपरावर पातळ फळ्या, त्या उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. प्रवेश फुकट, गर्दी नाही. ही घरे माणसांच्या वहिवाटीत 1990च्या सुमारापर्यंत होती, हे कळल्यावर मी पुन्हा आत जाऊन चूल पाहिली. बड्यांचे वाडे सव्वाशे वर्षांपूर्वी मातीला मिळाले आणि पाइकाच्या घरात परवापरवापर्यंत भात शिजत होता. लहान घर सांभाळता येते, हेच कारण असावे.

मोठ्यांचे काय झाले ते थोडक्यात सांगते. 1871 मध्ये संस्थाने गेली. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी पिढीजात तांदळाची नेमणूक सक्तीने बंद होऊन तिच्या बदल्यात सरकारी रोखे हातात पडले. बहुतेकांच्या रोख्यांवरचे व्याज पाच ते सात टक्के. त्यात घर चालणे कठीण. काहींनी धंदा काढून ते बुडवले. इनोयामांचा मुलगा शिगेयुकी नव्या आरमाराच्या हिशोब खात्यात गेला आणि त्याचे घर वर आले; तलवार निरुपयोगी ठरली, गोट्यांची पाटी कामी आली. पण सगळ्यांना असा हिशोब येत नव्हता. मे 1878 मध्ये तोक्योत गृहमंत्री ओकुबो तोशिमिचीचा भर रस्त्यात खून झाला. सहा मारेकऱ्यांपैकी पाच इशिकावाचे माजी सामुराई होते आणि त्यांचा म्होरक्या शिमादा इचिरो हा कागाच्या अशिगारूचा मुलगा. कानाझावाची पर्यटन-पत्रके त्याच्याबद्दल गप्प आहेत. चिलखतापुढे फोटो काढणाऱ्यांना त्याची गरजही नसावी.

नागामाचीतली मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट मात्र पाहायलाच मिळत नाही. 1874 साली हासेगावा जुन्या या माजी सामुराईने नागामाचीत रेशमाची सूतगिरणी काढली. तोमिओकाच्या प्रसिद्ध सरकारी गिरणीचा नमुना पुढे ठेवून स्थानिक कारागिराने यंत्रे बनवली. चाक फिरवायला कुरात्सुकी पाटाचे पाणी वापरले. कामाला आल्या त्यांत सामुराई घरांतल्या मुली होत्या. ज्या पाटाचे पाणी पाहुण्यांना दाखवायच्या बागांत वळवले जाई, त्याच्या जोडीच्या पाटावर आता पुढच्या पिढीतल्या मुली उकळत्या पाण्यातून कोशांचे धागे काढत होत्या. बापांची नेमणूक गेल्यावर घरात पहिला रोख पैसा आणणारे हात बऱ्याच ठिकाणी त्यांचे असतील. त्यांच्यासाठी चिलखतासारखी काचपेटी नाही. चो घराण्याच्या वाड्याचीही अशीच कथा : त्या आवारात पुढे तंबाखूचा कारखाना झाला. त्याच्या लाल विटांच्या इमारतीत आता शहराचे दफ्तर आहे आणि माएदांची कागदपत्रे तिथेच ठेवली आहेत. तिथे मी अर्धा दिवस बसले. वाचता काही येत नव्हते, पण हिशोबाच्या वहीचे पान भाषा न येताही ओळखता येते.

मग उरल्या त्या भिंतीच का? दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत. शेजारचे तोयामा ऑगस्ट 1945 मध्ये जळून गेले. त्यामुळे गल्ल्यांची आखणी टिकली. वाड्यांच्या जागी नवी घरे झाली तरी जुनी कुंपणे पुष्कळांनी तशीच ठेवली. 1968 साली शहराने परंपरागत परिसर जपण्यासाठी स्वतःचा नियम केला. असा नियम करणाऱ्या जपानमधल्या पहिल्या शहरांत कानाझावाची गणना होते. पण नागामाची म्हणजे संग्रहालय नव्हे. भिंतीआड माणसे राहतात. त्यांना गाडी ठेवायची आहे, छपरावरचा बर्फ काढायचा आहे, मुलांसाठी खोली वाढवायची आहे. भिंत त्यांची, आणि ती पाहायचा हक्क मात्र माझ्यासारख्या लोकांचा. दुरुस्तीला शहराचे पैसे मिळतात. तरी रोज सकाळी खिडकीखाली अनोळखी माणसांचे कॅमेरे, हा त्यांच्या वाट्याचा मिबुन हियोच.

संध्याकाळी परतताना पाऊस आणि बर्फ यांच्यामधले काहीतरी पडू लागले. इथे म्हण आहे, की जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. आम्ही दोन्ही विसरलो होतो. एका दरवाजाच्या वळचणीला उभ्या राहिलो. चटया बांधणारी माणसे आमच्यापर्यंत आली. तिथे भिंतीत एका घराची टपालपेटी बसवलेली होती. वयस्कर माणसाने खिशातून सुरी काढली, पेंढ्यात पेटीच्या तोंडाएवढा चौकोन कापला, कडा दोरीने शिवून घेतल्या, पेटीचे झाकण दोनदा उघडून पाहिले आणि पुढची चटई उचलली.